चार पूर्णांक दोन

“आधी ही पेटी उघडून दाखवा,” चौगुले अक्का म्हणाल्या, “मग लावा कुठं लावायची ती.”

“उघडली की सील तुटतं, अक्का.”

“मग तुटू दे की. इथं चोवीस जणींचं काम तुटायला आलंय, आणि तुम्ही सीलचं काय घेऊन बसलाय?”

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मिरजेत स्टेशन रोडवर एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर मी उभा होतो. फेब्रुवारीतला सोमवार, सकाळचे नऊ. काखेत जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी, आणि समोर साठी ओलांडलेल्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या अक्का. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडले होते. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी हे सेंटर काढलं. तीन डोळ्यांच्या दवाखान्यांचे फोन इथं येत. डॉक्टर उद्या आहेत का, पट्टी कधी काढायची, थेंब किती वेळा घालायचे, असल्या प्रश्नांना चोवीस बायका दिवसभर उत्तरं देत. फोन सगळे इंटरनेटवरून.

आणि महिन्याभरापासून ते फोन धड लागत नव्हते. आवाज तुटायचा, मध्येच गडप व्हायचा. पेशंट वैतागून थेट दवाखान्यात येऊन भांडायला लागले. सेंटर म्हणायचं, नेटवर्क खराब. नेटवर्क पुरवणारी कंपनी (तिचं नाव मी घेत नाही, प्रोव्हायडर म्हणू) म्हणायची, आमचं नेटवर्क झकास, सेंटरच्या बायकांना काम नको. शेवटी दवाखान्यांच्या ट्रस्टनं ठरवलं, बाहेरच्या माणसाकडून मोजून घ्यायचं. गुरुवारी दुपारी चारला बैठक. दोष प्रोव्हायडरचा निघाला तर त्यानं दुरुस्त करायचा. सेंटरचा निघाला तर शुक्रवारपासून काम बंगळुरूला.

तो बाहेरचा माणूस मी. विश्राम पेडणेकर, पुण्याच्या एका मोजणी कंपनीत तेव्हा अकरा वर्षं झाली होती. धंदाच संशयाचा. प्रोव्हायडर वाढवून सांगतो, गिऱ्हाईक रडून सांगतं, हे धरूनच मी प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या चढायचो.

“ही काय करते?” अक्कांनी पेटीला बोट लावून पाहिलं.

“दर पंधरा मिनिटांनी पुण्याच्या आमच्या ऑफिसातल्या जुळ्या पेटीला फोन लावते. ठरलेली आठ वाक्यं ऐकवते. तिकडची पेटी काय ऐकू आलं ते मूळ वाक्यांशी ताडते आणि पाचापैकी गुण देते. चारच्या वर म्हणजे उत्तम. साडेतीनच्या खाली माणसं कुरकुरतात. अडीचच्या खाली नुसतं हॅलो हॅलो.”

“कुठली वाक्यं?”

“‘गच्चीवर धुणं वाळत घातलं आहे.’ ‘पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं येतील.’ असली.”

“म्हणजे पेटी पेटीशीच बोलणार. मध्ये माणूस कुठंच नाही.”

“माणूस खोटं बोलतो, अक्का.”

“आणि पेटीला काय देवानं शिकवलंय?”

मी हसलो आणि पेटी लावली. असले टोमणे मी गावोगाव ऐकले होते.

दुपारी एक तिशीची बाई माझ्या टेबलावर लांबट वही ठेवून उभी राहिली. रुकय्या सितारमेकर, सकाळच्या पाळीची प्रमुख. घराणं मिरजेतल्या सतारी बनवणाऱ्यांचं. वहीत वेळ, कुणाचा फोन, आणि पुढं एक खूण: आडवी रेघ, नागमोडी रेघ किंवा टिंब.

“रेघ म्हणजे कॉल तुटला,” ती म्हणाली. “नागमोडी म्हणजे आवाज चिरकला. टिंब म्हणजे मधले शब्द बुडाले.”

“हे कशानं मोजलं?”

“कानानं.”

“कानाचं माप कोण धरणार, बाई?”

“आमच्या घरी कानाचंच धरतात, साहेब. अब्बा सतारीची घोडी घासून जवारी लावताना पेटी नाही आणत.”

संध्याकाळी मी वही आणि पेटी शेजारी ठेवली. वही सांगत होती, अकरा ते एक या दोन तासांत एकतीस खुणा. पेटी सांगत होती, त्याच दोन तासांत आठ कॉल, सरासरी चार पूर्णांक दोन. दोघींपैकी एक खोटी. आणि पेटीला खोटं बोलून मिळणार काय?

मंगळवारी प्रोव्हायडरचा इंजिनिअर भेटायला आला. बसवराज हुक्केरी. गोल चेहरा, कपाळाला विभूतीचं एक बोट, हातात भडंगाची पिशवी. पिशवी त्यानं माझ्यापुढं सरकवली.

“घ्या सर. पुण्याला असलं मिळत नाही.”

माझ्याशी गोड वागणाऱ्या माणसाच्या नावापुढं मी मनात एक फुली मारतो. तरी भडंग खाल्लं.

“कसं काय दिसतंय आमचं नेटवर्क?”

“अजून दोन दिवस आहेत.”

“चांगलंच दिसणार की.” त्यानं आवाज उतरवला. “सर, खरं सांगू? जेवायच्या वेळेआधीच कसं काय बिघडतं हो? अकरा ते एक. कंटाळा आला की बटण दाबायचं आणि वहीत रेघ मारायची. तुम्ही नुसतं बसून बघा.”

मला ते पटलं. पटायचं कारण उघड होतं, पेटी त्याच्या बाजूची होती. मी खुर्ची मागच्या भिंतीशी नेली आणि बायका मोजायला लागलो. कोण किती वेळा उठते, पाण्याला किती मिनिटं जातात, कुणाचं बोट बटणावर रेंगाळतं. तिसऱ्या रांगेतली एक दोन तासांत चारदा उठली. ते मी वेळेसकट लिहून घेतलं.

“पुष्पाताईंना शुगर आहे,” मागून रुकय्याचा आवाज आला. “तेपण लिहा की शेजारी.”

“मी सगळंच लिहितो.”

“सगळं नाही लिहीत तुम्ही. आमचंच लिहिता.”

अक्का लांबून ऐकत होत्या. त्या आल्या, आणि कधी नव्हे ते हळू बोलल्या. “पेडणेकर, ट्रंकला होते तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, ऑपरेटर मुद्दाम लाइन देत नाही. तीस वर्षं ऐकलं. खरंच देत नव्हते असं दोनदा झालं असेल. तुम्हाला काय लिहायचंय ते लिहा. पण एकदा कानाला लावून तरी बघा.”

बुधवारी अकराला मी रुकय्याशेजारी बसलो आणि दुसरा हेडफोन लावला. विजापूरकडचा कुणी म्हातारा होता. आदल्या दिवशी बायकोचा मोतीबिंदू काढला होता. त्याला विचारायचं होतं ते इतकंच की पट्टी सुटलीय, काय करू. हे एवढं कळायला चार मिनिटं लागली. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा यायचा, अर्ध्यात कापला जायचा, मग तीन शब्द एकदम अंगावर आदळायचे. रुकय्या प्रत्येक वाक्य तीनदा म्हणत होती. तिचं बोट बटणाच्या आसपाससुद्धा नव्हतं. मध्येच लाइन गेली. तिनं आडवी रेघ मारली आणि माझ्याकडं न बघता पुन्हा नंबर लावला.

माझा संशय आता हेडफोनवर गेला. बदलला, तेच. मग वायरीवर. तिच्या फोनची वायर काढून मी तिथंच पेटी जोडली आणि हातानं कॉल सुरू केला. पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं खणखणीत आवाजात आले. चार पूर्णांक दोन. वायर परत फोनला लावली, पुढचा पेशंट पुन्हा विहिरीत. असं तीनदा केलं. तोच सॉकेट, तीच वायर, पाच मिनिटांचंही अंतर नाही.

“साहेब,” रुकय्या म्हणाली, “पेटी फोन कुणाला लावते?”

“सांगितलं ना, पुण्याला.”

“दर वेळी त्याच नंबराला?”

“त्याच.”

“मग आज दुसऱ्या कुणाला लावा की.”

“ते पद्धतीत बसत नाही.”

“का?”

अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर असणार याची खात्री होती, फक्त ते मला येत नव्हतं. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी पुण्याला स्टोअरकीपरला फोन केला. कपाटात एक जादा जुळी पेटी पडून होती, ती काढून अकाउंट्सच्या लाइनवर लावायला सांगितली आणि इकडच्या पेटीत तो नंबर भरला.

दोन पूर्णांक चार.

पुन्हा लावला. दोन पूर्णांक दोन. जुना नंबर लावला, चार पूर्णांक दोन. नवा, दोन पूर्णांक तीन. आकडे येत होते तशी रुकय्या ते वहीत माझ्याच नावापुढं लिहीत होती.

“म्हणजे त्यांना तुमचा नंबर माहीत आहे,” ती म्हणाली.

“कसा माहीत असेल?”

“ते तुम्ही शोधा. बायका मोजून झाल्या असतील तर.”

मी तसाच रिक्षा करून हुक्केरीच्या ऑफिसात गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. कोण फितूर झालं असेल याची यादी केली होती, आमचा स्टोअरकीपर त्यात पहिला. हुक्केरी जेवायला बसत होता. डबा बाजूला सारून उठला.

“हुक्केरी, माझ्या पेटीला तुम्ही वेगळ्या वाटेनं सोडताय.”

मला वाटलं होतं, चेहरा पडेल. त्यानं मला खुर्ची दिली, पंखा वाढवला.

“होय सर. पहिल्या रांगेत. बाकीचं सगळं थांबवून आधी तुमचं.”

“आणि हे तुम्ही तोंडावर सांगताय?”

“लपवायचं काय त्यात? तुमचंच पत्र आहे की.”

त्यानं फाइल उघडली. आमचं लेटरहेड. भेटीच्या आठ दिवस आधीची तारीख. “तपासणीच्या काळात पुढील दोन क्रमांकांमधील कॉल आपल्या यंत्रणेकडून अडवले जाणार नाहीत, याची कृपया दक्षता घ्यावी.” खाली दोन्ही नंबर, तारखा, वेळा. त्याखाली माझी सही.

हा परिच्छेद कुठून आला ते मला माहीत होतं. मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका कंपनीच्या यंत्रणेला वाटलं, दर पंधरा मिनिटांनी त्याच नंबराला फोन करणारा कुणी त्रास देणारा माणूस आहे. तिनं पेटीचे कॉलच अडवले, दोन दिवस फुकट गेले. तेव्हापासून आमचे साहेब, सरदेसाई, हे पत्र आगाऊ पाठवायचे. मी प्रत्येक मोजणीआधी त्यावर सही करायचो. वाचायचं काय त्यात.

“अडवू नका म्हटलंय,” मी म्हणालो. “पहिल्या रांगेत घाला असं कुठं म्हटलंय?”

“सर, पाहुणा कुठल्या गाडीनं येणार, किती वाजता येणार, हे तुम्ही आठ दिवस आधी कळवता. मग आम्ही घर झाडायचं नाही?”

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“सोलापूरला होतो तिथल्या साहेबांनी. त्यांना लातूरच्यांनी. पत्र आलं की लावायचं, पेटी गेली की काढायचं.” त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. स्वच्छ अक्षरात तारीखवार नोंद होती, पेटीसाठी रांग लावली, पेटीची रांग काढली. “वरचे साहेब सही करतात बघा. सगळीकडं असंच आहे, सर.” मग तो जरा थांबला. माझ्या तोंडाकडं पाहून त्याला काहीतरी कळलं असावं. “आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

जिना उतरून मी खालच्या चहाच्या गाडीवरून सरदेसायांना फोन लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“पेटीनं किती दिले?”

“चार पूर्णांक दोन.”

“तेवढंच लिहा.”

“आणि दुसऱ्या नंबरवरचे?”

“ते मान्य पद्धतीत बसत नाहीत. तुम्ही गावातल्या बायकांचं ऐकून यंत्राशी खेळत बसलात, असा अर्थ होतो त्याचा.”

“सर, या पत्रावर माझे सत्तेचाळीस अहवाल झालेत.”

“म्हणूनच सांगतोय,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दुपारी आणि गुरुवारी सकाळी मी दर पंधरा मिनिटांनी दोन्ही नंबरांना कॉल लावले. नऊ ते अकरा दोन्ही बरे. अकराला बाजारातली ऑफिसं, क्लास, सायबर कॅफे सगळे एकदम जागे व्हायचे आणि नवा नंबर घसरायचा. मी माझे आकडे एका बाजूला आणि वहीतल्या खुणा दुसऱ्या बाजूला लिहिल्या. जिथं माझा आकडा अडीचच्या खाली, तिथं तिची खूण. एकदाही चुकली नव्हती.

“काय लिहिणार?” अक्कांनी विचारलं.

“चारला कळेल.”

“माझ्या बायकांना मी काय सांगू? ती पुष्पा सकाळपासून पाणी प्यायला उठलेली नाही. तुमच्या भीतीनं.”

मी आकडे पुन्हा तपासायला लागलो. उत्तर द्यायला हवं होतं, पण तोवर माझं मलाच ठरलेलं नव्हतं.

बैठक दवाखान्याच्या वरच्या खोलीत होती. ट्रस्टचे अध्यक्ष डॉ. मगदूम टेबलाच्या टोकाला. एका बाजूला अक्का आणि रुकय्या, दुसऱ्या बाजूला हुक्केरी आणि त्याचे साहेब. त्या साहेबांनी माझ्याकडं बघून ओळखीचं हसू दिलं. नोकरीतल्या जुन्या माणसाला देतात तसं.

“बोला पेडणेकर,” डॉक्टर म्हणाले. “किती?”

“चार पूर्णांक दोन.”

अक्कांनी डोळे मिटले. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

“हा आकडा खोटा आहे,” मी म्हणालो. “मी येणार हे आम्हीच आधी कळवतो, म्हणून माझ्या पेटीसाठी वाट मोकळी ठेवली जाते. पेशंटला जे नेटवर्क मिळतं, त्याचे अकरा ते एकमधले गुण दोन पूर्णांक तीन आहेत. सेंटरचा दोष नाही. सितारमेकर बाईंची वही माझ्या पेटीपेक्षा बरोबर आहे.”

साहेब उठून काहीतरी मोठ्यानं बोलायला लागले, पद्धत, मान्यता, पत्र. डॉक्टरांनी हात वर केला.

“पेटीला देता ती वाट या सेंटरला देता येईल का? एवढंच सांगा.”

“तांत्रिक बाबी असतात, डॉक्टर. अभ्यास करावा लागेल, निदान दोन-तीन महिने...”

“पंधरा मिनिटांचं काम आहे,” हुक्केरी म्हणाला. त्याच्या साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. तो टेबलाकडं बघत राहिला. “नंबर बदलायचा फक्त.”

“मग आज करा. काम मिरजेतच राहील.”

रुकय्यानं अक्कांचा हात धरला. अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मी कागद आवरायला लागलो. खरं सांगायचं तर मला तेव्हा जरा ऐटच वाटत होती. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले,

“एक मिनिट, पेडणेकर. हे काम दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका सेंटरकडं होतं. अशाच तक्रारी होत्या. तेव्हा तिथल्या प्रोव्हायडरनं आम्हाला एक अहवाल आणून दाखवला. नेटवर्क उत्तम म्हणून. त्यावर आम्ही त्या सेंटरचं काम काढलं आणि इकडं दिलं.” त्यांनी कपाटातून फाइल मागवली, पान काढून माझ्याकडं सरकवलं. “ही सही तुमचीच ना?”

माझीच होती. चार पूर्णांक तीन.

“हा?” डॉक्टरांनी विचारलं.

“हाही खोटाच.”

“म्हणजे आम्हाला हे काम...” अक्कांनी सुरुवात केली आणि पुढचं गिळलं.

मी सरदेसायांना राजीनामा पाठवला की त्यांनी मला काढलं, यावर आमचं आजही एकमत नाही. शुक्रवारी सकाळी मी इचलकरंजीला गेलो. ते सेंटर एका सुताच्या दुकानामागं होतं. आता तिथं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. माणूस मात्र तोच, सेंटर चालवणारे महादेव बुगड. मी एका साध्या कागदावर चार ओळी लिहून नेल्या होत्या: अमुक तारखेचा माझा अहवाल चुकीच्या मोजणीवर केलेला आहे, सेंटरचा दोष त्यातून ठरत नाही. खाली नाव आणि सही.

त्यांनी उभ्यानं वाचलं. एकदा, मग पुन्हा.

“मग खरे गुण किती होते?”

“माहीत नाही. मोजलेच नव्हते.”

“आता हे घेऊन मी कुणाकडं जाऊ?”

तेवढ्यात एक मुलगा आधारकार्ड लॅमिनेट करायला आला. बुगडांनी त्याचं काम करून दिलं, मशीन गार होईस्तोवर थांबले, मग माझ्याकडं वळले.

“पेटीचा कागद आला तेव्हा मी वनिताला काढलं. वनिता माने. सगळ्यात जास्त कॉल तिचेच तुटायचे. मला वाटलं, हीच तोडते. पोरगी आईची शपथ घेत होती. मी म्हटलं, शपथ ठेव बाजूला, मशीन खोटं बोलत नसतं.”

त्यांनी माझा कागद काचेवर ठेवला, एक प्रत काढली आणि पेन माझ्यापुढं केलं.

“यावर निळ्या शाईनं पुन्हा सही करा. झेरॉक्सवरची सही तिचा बाप मानायचा नाही.”

मी सही केली. बुगडांनी दिवा घालवला, शटर अर्धं ओढलं आणि मी बाहेर पडायची वाट बघत उभे राहिले.

“मागच्याच गल्लीत राहतात,” ते म्हणाले. “मी दार दाखवतो. बोलायचं तुम्ही.”